डाव्या खांद्याची रायफल

मी, मुक्ताबाई दौलत मेस्त्री, वय चौसष्ट, धंदा रायफलीच्या दस्त्यावर नक्षी कोरण्याचा, मूळ गाव तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम करामा, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या बिल्डिंगीखालच्या दवाखान्यातल्या डॉ. इनाया काझी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि माझ्या सुनेचे माहेर कुठले तेही विचारले. वजाबाकीला वेळ लागला, पण चुकले नाही. मला साखर आहे, एक गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत बरी आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव होता तो न लिहिण्याचा. माझा मुलगा परेश "आई, आत्ताच कशाला?" असे म्हणून दोन वर्षे हा विषय टाळत होता. त्याला न जुमानता मी लिहिते.

इथल्या कोर्टासाठी या कागदाचे इंग्रजी आणि अरबी भाषांतर होईल. ते करणाऱ्याला विनंती की, कंटाळून काही गाळू नये. कोर्टाला ज्या गोष्टी नको असतात त्याच माणसांना हव्या असतात. बँकेत माझी सही उजव्या हाताची आहे, या कागदावरची डाव्या हाताची आहे. दोन्ही माझ्याच आहेत.

कलम १. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था पाहण्याचे काम मी माझी सून प्रज्ञा हिच्यावर सोपवते. परेशवर नाही. परेश प्रेमळ आहे, पण कागद समोर आला की नेमका त्याला फोन येतो. त्याने याचा राग मानू नये. मानला तरी दोन दिवसांत जाईल, हे मला माहीत आहे.

कलम २. देवरुखचा दोन खोल्यांचा ब्लॉक परेशला द्यावा. तो मी आणि माझे यजमान कै. दौलत यांनी मिळून घेतला. परेशने तो ठेवावा, भाड्याने द्यावा की विकावा, हे त्याचे त्याने ठरवावे. एकच अट आहे. आतल्या खोलीत माझ्या सासूबाईंचा फोटो आहे तो टाकून देऊ नये. मी जन्माची डावखुरी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी माझ्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली. रोज, न चुकता. "डाव्या हाताने वाढलेलं पितरांनासुद्धा पोचत नाही," असे त्या म्हणायच्या. शेवटच्या आजारात मी सुट्टी काढून गेले आणि त्यांना भरवायला मीच होते. उजवा हात अवघडला की मी डाव्याने घास द्यायची. त्या माझ्याकडे बघायच्या आणि तोंड उघडायच्या. म्हणून फोटो राहू दे.

कलम ३. बँकेत जे असेल त्याचा निम्मा भाग परेशला आणि निम्मा नात सोनम हिच्या शिक्षणाला द्यावा. बांगड्या आणि गंठण प्रज्ञाला. सोनमला मी हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आजी, यू आर नॉट गोइंग एनीव्हेअर, राइट?" मी तिला सांगितले की शुक्रवारी मासळी आणायला जाणार आहे.

कलम ४. आता रायफल. हे कलम लांब आहे, कारण मी ती ज्यांना देत आहे ते माझ्या नात्यातले नाहीत आणि उद्या कोणी विचारील की असे का.

माझे यजमान हाडाचे सुतार. ते दुबईला आले ते फर्निचरच्या कामावर, पण पुढे अल कूझमध्ये एका अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे शिकारीच्या रायफली गिऱ्हाइकाच्या मापाने बनवतात. यजमान अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते घडवायचे. दस्त्यावर जिथे मूठ बसते तिथे बारीक चौकटींची जाळी कोरतात, म्हणजे घामाने हात सटकत नाही. दस्ता घडवणे त्यांच्या आवडीचे, जाळी नावडीची. एका वर्षी हंगामाआधी कामाचा ढीग झाला तेव्हा त्यांनी नुसते लाकूड घरी आणले. ते कोरत असताना मी शेजारी बसून बघत होते. मध्येच ते चहा प्यायला उठले आणि मी पटाशी उचलली. डाव्या हातात.

ते परत आले. मला वाटले, आता पटाशी काढून घेतील. त्यांनी टेबलावरचा दिवा उचलला आणि दुसऱ्या बाजूला ठेवला, माझ्या हाताची सावली कामावर पडू नये म्हणून. माझ्या डाव्या हातासाठी कोणी काही केले असेल तर ते हे पहिले.

पुढे अरबाबनी ती जाळी बघून विचारले की हे काम कोणाचे. यजमानांनी खरे सांगितले. अरबाबनी मला वर्कशॉपच्या व्हिसावर घेतले. तेव्हापासून मी खिडकीजवळच्या बाकावर बसते.

यजमान गेल्यावर काही वर्षांनी वर्कशॉपला पंचवीस वर्षे पुरी झाली. अरबाबनी जुन्या माणसांना एकेक करून आत बोलावले आणि काय हवे ते मागा म्हणाले. लेथवरचे आमचे मुख्य कारागीर लियाकत परकार यांनी आईला हजला पाठवायचे मागितले. लियाकतभाई मूळचे खेडचे, यजमानांचे जिवलग मित्र, मला वहिनी म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा अरबाबची मुलगी नबिला दागिन्यांचे पुस्तक घेऊनच बसली होती.

अरबाब म्हणाले, "मुक्ता, बोलो. गोल्ड?"

मी म्हणाले, "अरबाब, एक रायफल चाहिए. शिकारवाली. मेरे नाप की."

अरबाबना वाटले त्यांना नीट ऐकू आले नाही. नबिलाने पुस्तक मिटले आणि हसून वडिलांना घाई करत म्हणाली, "यल्ला, बाबा! इतने साल दूसरों के लिए किया, एक अपने लिए."

हे माझ्या मनात कधीपासून होते ते सांगते. आमच्या गावी रानडुकरे भात उपसून टाकायची. माझ्या बाबांकडे शेतराखणीचा परवाना आणि एकनळी बंदूक होती. ते माझा थोरला भाऊ धनंजय याला बरोबर न्यायचे. मी मागे लागले की म्हणायचे, "डावखुऱ्या पोरीच्या हातात बंदूक म्हणजे दोन्हीकडनं धोका." माणसे हसायची. मीही हसायची. पण मला जायचे होते.

तर अरबाब म्हणाले, नळी आणि लाकूड आम्ही देऊ, ॲक्शन तू निवड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. नळी आणि दस्ता यांच्या मधला जो पोलादी भाग असतो त्याला ॲक्शन म्हणतात. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की काडतूस आत बसते, बोल्ट खाली दाबला की कुलूप लागते, आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी तीच बाहेर फेकते. नळी झिजली तर बदलता येते, लाकूड फुटले तर नवे करता येते. ॲक्शन निवडली की रायफल ठरली.

लियाकतभाईंनी टेबलावर मऊ कापड घातले आणि दोन ॲक्शन मांडल्या. एक जुनी जर्मन, अरबाबच्या संग्रहातली. तिचा बोल्ट असा सरकायचा की जणू तुपातून चालला आहे. दुसरी नवी, हलकी, कमी भागांची. दोन्हींचा बोल्ट उजवीकडे.

"जर्मन घ्या, वहिनी," लियाकतभाई म्हणाले. "असली वस्तू आता कोणी बनवत नाही."

मी ती दुर्बिणीसह एका रिकाम्या दस्त्यावर बसवून डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडाला टेकवला. आता दुसरे काडतूस भरायचे, तर डावा हात मुठीवरून काढून, दुर्बिणीवरून पलीकडे घालून बोल्ट ओढावा लागला. गाल लाकडावरून सुटला. समोरची भिंत दुर्बिणीतून नाहीशी झाली.

"सवय होते," ते म्हणाले. "जगातले निम्मे डावखुरे असंच करतात."

"लियाकतभाई, सवय मला सगळ्याचीच झाली," मी म्हणाले. "ही एकच वस्तू मला सवय न करता पाहिजे."

"म्हणजे डावी ॲक्शन? वहिनी, ती इथं मिळत नाही. परदेशात ऑर्डर टाकायची, दिवस मोजत बसायचं. आणि तुमच्यानंतर ती वापरणार कोण? घरात एक तरी डावखुरा आहे का?"

नव्हता. परेश उजवा, प्रज्ञा उजवी. सोनम तेव्हा रांगत होती, पण खुळखुळा उजव्याच हाताने उचलायची. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मापाने केलेली रायफल ही पिढ्यांची वस्तू असते, असे आम्हीच गिऱ्हाइकांना सांगतो. मी तीन-चार दिवस विचार केला. मग वर्कशॉपमध्ये जाऊन सांगितले, "डावीच."

त्यावर दुसरा वाद झाला. डाव्यातही दोन प्रकार मिळत होते. एकीत बोल्ट काडतुसाला मागून नुसता ढकलतो आणि ते आपले आपण नळीत शिरते. ती लवकर येणार होती. दुसरीत बोल्टला एक लांब नखी असते. ती काडतूस पेटीतून वर आल्याबरोबर त्याची कड पकडते आणि बाहेर टाकेपर्यंत सोडत नाही. तिला बरेच महिने लागणार होते. लियाकतभाई म्हणाले, पहिली घ्या, हलकी आहे, अचूक आहे, निदान याच जन्मात येईल. मी दोन्ही पद्धतींच्या जुन्या रायफली मागून घेतल्या आणि खोटी काडतुसे घालून हळू, घाईने, आडवी धरून, उलटी धरून भरून पाहिल्या. हळू भरताना दोन्ही सारख्याच. पण अर्धवट ढकलून घाबरल्यासारखा हात मागे घेतला, तर नखीवाली काडतूस परत घेऊन यायची, दुसरी आत विसरून यायची. मी कधी शिकार केलेली नव्हती. माझा हात घाबरणार, हे मला ठाऊक होते. मी नखीवाली मागवली.

लियाकतभाई रागावले. ॲक्शन येईपर्यंत आणि आल्यावरही आमचे बोलणे कामापुरते राहिले. पण तिच्यावर नळी त्यांनीच बसवली, आणि अशी बसवली की सांध्यावरून नख फिरवले तरी अडकत नव्हते. लाकूड मी निवडले, जाळी मी कोरली. स्वतःच्या मुठीचे माप पहिल्यांदा घेत होते, तेव्हा हसू येत होते.

रायफल झाली. क्लबच्या रेंजवर मी ती चालवायला शिकले. पहिल्या बाराला खांद्याने मार खाल्ला, डोळ्यांत पाणी आले, आणि पुंगळी डावीकडे टणकन पडली. गाल लाकडावरच होता. लियाकतभाई मागे उभे होते. म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळ.

त्यानंतर अरबाब वारले आणि वर्कशॉप नबिला बघू लागली. आणि मग लियाकतभाईंचा उजवा डोळा गेला. डोळ्यातला पडदा सुटला. ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी होईल ते केले, पण नजर परतली नाही. वर्कशॉपमधून बाहेर पडणारी प्रत्येक रायफल आधी तेच चालवून पाहायचे. वर्षातून एकदा अरबाबबरोबर शिकारीला जायचे. ते सगळे थांबले. नबिला म्हणाली, लेथ तुमचीच आहे, या. ते आले नाहीत. फोन उचलणेही त्यांनी सोडले.

मी त्यांच्या घरी अल मनखूलला गेले. त्यांची बायको शहनाझ हिने दार उघडले आणि डोळ्यांनीच आत खुणावले. बैठकीच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या.

"कुठं?" मी विचारले.

"खेडला," शहनाझ म्हणाली. "तिकडे जाऊन काय करणार ते विचारा. मला तर सांगत नाहीत."

लियाकतभाई गॅलरीत बसले होते. मी समोर बसले.

"खलास, वहिनी," ते म्हणाले. "जे येत होतं ते उजव्या डोळ्यानं येत होतं."

"डावा चांगला आहे ना?"

"बघितलं तेही करून. क्लबवर जाऊन माझीच रायफल डाव्या खांद्याला लावली. एक बार होतो. दुसऱ्याला हात वरनं घालायचा, तर गाल सुटतो, जनावर..."

शहनाझ सरबत घेऊन आली ती आम्हा दोघांकडे बघत उभी राहिली.

"शनिवारी रेंजवर या," मी म्हणाले. "माझी आहे ती."

"या वयात सगळं उलटं शिकू?"

"मी बालवाडीपासून शिकले."

शहनाझ खो-खो हसली. मग तेही हसले. बॅगा काही दिवस तशाच उघड्या होत्या, नंतर तिने त्या पलंगाखाली सारल्या.

शिकणे सोपे गेले नाही. बार झाला की त्यांचा उजवा हात आपोआप उठायचा आणि जिथे बोल्ट नाही तिथे चाचपायचा. ते अरबीत शिव्या द्यायचे. दस्ता माझ्या मापाचा, त्यांना आखूड पडायचा, म्हणून मागे एक जाड रबरी टाच बसवून घेतली. नबिला येऊन बघून जायची. रमजान आला-गेला. हळूहळू उजवा हात जागेवर राहायला शिकला आणि डावा आपणहून मागे-पुढे करू लागला. ते पुन्हा लेथवर येऊ लागले. मग एक दिवस नबिला म्हणाली (ती मला अरबीत खालती, म्हणजे मावशी, म्हणते), "खालती, नामिबिया में मेरे पहचानवाले का फार्म है. आप दोनों चलो."

परेशने विरोध केला. "आई, या वयात जंगलात? कशासाठी?" मी म्हणाले, "बाबा नेत नव्हते, म्हणून." दुसऱ्या दिवशी त्यानेच माझ्यासाठी बूट आणले.

तिथले रान आपल्यासारखे गर्द नाही. काटेरी झुडपे, लाल माती आणि थंडी. पहिल्या दिवशी मी एक स्प्रिंगबक नावाचे लहान हरीण टिपले. हात घाबरला, पण गोळी बरोबर गेली. ते जागच्या जागी बसले. मी जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती. मला आनंद झाला आणि रडूही आले, दोन्ही खरे आहे. संध्याकाळी सगळ्यांनी ते खाल्ले, फार्मवरच्या माणसांच्या मुलांनीही.

लियाकतभाईंनी मात्र दोनदा जनावर समोर येऊनही बार केला नाही. "दिसत नाही नीट," म्हणायचे. दिसत होते. मला कळत होते की ते घाबरले आहेत, आणि त्यांना कळत होते की मला कळते आहे.

परतीच्या आदल्या सकाळी कुडू दिसला. मोठे, पिळदार शिंगांचे हरीण. आम्ही एका वारुळाच्या आडोशाला होतो. फार्मवरच्या वाटाड्याने काठ्यांची तिकाटी लावून दिली. लियाकतभाईंनी रायफल डाव्या खांद्याला लावली, ओठ हलले, बिस्मिल्ला म्हणाले आणि बार केला. कुडू दचकून वळला आणि चालू लागला. गोळी जरा मागे लागली होती. जखमी जनावर झुडपात शिरले की दिवसभर तडफडते, कधी सापडतही नाही.

पण तोवर त्यांचा डावा हात बोल्टवर होता. मागे, पुढे, खाली. गाल लाकडावरून तसूभर हलला नाही, जनावर दुर्बिणीतून सुटले नाही. हात घाईत होता, पण काडतूस नखीने धरून आणले. दुसरा बार झाला आणि कुडू गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

वाटाड्या आणि नबिला पुढे धावले. लियाकतभाई खाली मातीत बसले. रायफल मांडीवर.

"वहिनी," ते म्हणाले, "मी उजवी घ्या म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"नशीब, ऐकलं नाहीत." मग त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही डोळे पुसले, चांगला आणि गेलेला. उठून जनावराकडे गेले. वर्कशॉपमधली प्रत्येक रायफल आता पुन्हा तेच चालवून पाहतात. आपल्यासाठी डाव्या मापाचा एक बाक त्यांनी रेंजवर बनवून घेतला आहे.

म्हणून मी लिहिते की, माझी सात बाय सत्तावन्न मापाच्या काडतुसाची रायफल, तिची डावी ॲक्शन, माझ्या हाताची जाळी आणि मागच्या रबरी टाचेसह, माझ्या पश्चात श्री. लियाकत परकार यांना द्यावी. ती वर्कशॉपच्या शस्त्रकोठीत नबिलाच्या परवान्यावर ठेवलेली आहे. तिच्यावर माझा हक्क असल्याचा कागद अरबाबनी करून दिला होता, तो वर्कशॉपच्या तिजोरीत आहे. कायद्याला जी परवानगी लागेल ती आधी घ्यावी, रायफल नंतर हलवावी. परेशला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, मला ती लावताच येत नाही. त्यांनाच दे." त्याने याच आशयाचे संमतीपत्र लिहून दिले आहे. लियाकतभाई माझ्या आधी गेले, तर तिचे काय करायचे ते शहनाझने ठरवावे. डावखुरा माणूस शोधावा. असतो, हे आता मला माहीत आहे.

कलम ५. माझा भाऊ धनंजय. याला काहीही देऊ नये, असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. बाबांची बंदूक त्याच्याकडे गेली, तिचे लाकूडही तो पुसत नाही. आमचे बोलणे सणावारापुरते होते. नामिबियातून आल्यावर मी त्याला स्प्रिंगबकचा फोटो पाठवला. त्याने अभिनंदन केले नाही, शाबासकी दिली नाही. त्याचा एक आवाजी निरोप आला. त्यात तो एवढेच म्हणाला, "मुक्ते, किती लांबनं?" मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. माझ्या भावाने मला बरोबरीने विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यानंतर आम्ही फोनवर तासभर बोललो, वाऱ्याबद्दल, अंतराबद्दल, बाबांच्या नेमाबद्दल. आता दर रविवारी बोलतो. त्याला तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून द्यावा. त्याने तो ओसरीवर लावावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

कलम ६. मी जिथे मरेन तिथेच मला जाळावे. इथे गेले तर जेबेल अलीच्या स्मशानात, गावी गेले तर गावी. विमानातून पाठवण्याची यातायात करू नये. तेराव्याला गोड एकच करावे. शहनाझला बिर्याणी करायची इच्छा असेल तर अडवू नये. तिला साक्षीदार व्हायचे होते, पण लियाकतभाईंना रायफल मिळते म्हणून वकिलांनी दोघांनाही सही करू दिली नाही. ती रुसली आहे, तिची समजूत काढावी.

कलम ७. माझ्या पटाश्या, जाळीच्या करवती, सहाण आणि भिंग प्रज्ञाला द्यावे. प्रज्ञा मरीनाला एका बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे. गेले वर्षभर ती सुट्टीच्या दिवशी येऊन माझ्या शेजारी बसते आणि टाकाऊ लाकडावर रेघा मारते. मला वाटायचे, सासूचे मन राखते. मागच्या महिन्यात तिने मला न सांगता नबिलाची भेट घेतली आणि विचारले की, शिकाऊ म्हणून घ्याल का. परेश आधी हादरला, मग हिशेब करू लागला, मग म्हणाला, "कर. आई शिकारीसाठी साठीपर्यंत थांबली, तशी थांबू नको." जानेवारीपासून ती येणार आहे. तिच्या रेघा अजून लाटांसारख्या येतात. माझ्याही यायच्या.

म्हणून हे कलम लागू होण्याची वाट कोणी बघू नये. पटाश्या ती आत्ताच वापरते आहे. काल मी काम करत असताना नबिला एक खुर्ची उचलून घेऊन आली आणि म्हणाली, "खालती, ये कहाँ रखूँ?" मी थोडी सरकले आणि खिडकीजवळ जागा करून दिली.

हे मृत्युपत्र मी पुन्हा वाचले, प्रज्ञाकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि ते माझ्या मनासारखे उतरले आहे. पुढे मन बदलले तर नवे लिहीन. तोपर्यंत हेच खरे.

सही: मुक्ताबाई दौलत मेस्त्री

आमच्या दोघींच्या समोर श्रीमती मुक्ताबाई यांनी सही केली. सही करताना त्या शुद्धीवर आणि आनंदात होत्या. त्यानंतर त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. इनाया काझी, करामा, दुबई
साक्षीदार २: नबिला, वर्कशॉपच्या मालक, अल कूझ, दुबई (मजकूर हिंदीतून समजावून दिला)

ठिकाण: दुबई
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार